त्याला झोपू दिलं

माझा नवरा गेला होता आणि मी त्याच्या अंगावर चादर घातली. झोपलाय समजून.

आज वर्ष झालं.

वर्षभर येणारा-जाणारा एकच सांगतोय, काय भाग्याचं मरण, संगीत ऐकता ऐकता गेला.
लोकांचं मन चांगलं असतं, कळतं मला. पण दर वेळी वाटलं, समोरच्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा आणि दार दाखवावं.

बेचाळिसाव्या वर्षी कसलं आलंय भाग्य.

नितीन मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. पळसदरीहून पहाटे बाइकने आमच्याकडचा शिळफाटा, तिथून कंपनीची बस. चारच्या सुमारास घरी यायचा तेव्हा डोळे लाल झालेले असायचे.

आल्यावर आंघोळ. मग दिवाणावर आडवा पडून सरोद.

हे खूळ आमच्या घरात कुठून आलं, देव जाणे. गावात भजनी मंडळ आहे, लग्नात डीजे आहे, शास्त्रीय संगीताशी कुणाचा काही संबंध नाही. बसमधल्या कुणा सीनियरने एकदा याच्या कानात इअरफोन घातला म्हणे. त्या दिवसापासून हा बिघडला.

मी विचारलं होतं, चांगली मराठी गाणी का नाही लावत?
"शब्द नको गं आता. दिवसभर माणसं बोलतात, मशीन बोलते. हे मला काही सांगत नाही. डोक्यातला कंप्रेसर बंद होतो."

संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
पुण्याचा माझा चुलतभाऊ त्यातला जाणकार. आमच्याकडे दुपार कलल्यावर अहिर भैरव लागलेला ऐकून तो अस्वस्थच झाला. हा सकाळचा राग, असा अवेळी ऐकत नाहीत, असं त्याने बराच वेळ समजावलं.
नितीन म्हणाला, "दादा, माझी सकाळ कंपनी घेते. मला मिळते तेव्हा मी ऐकतो."

ऐकतो कसला, थोड्या वेळात घोरायचा. आलाप संपायच्या आतच. नंतर तबला येतो, लय वाढते, तिथवर हा माणूस कधी पोचलाच नाही. तबला सुरू झाला की मी आवाज कमी करायचे.

सासूबाई अंगणातून ओरडायच्या, हे रडतंय का गातंय ते तरी सांग रं.
पण तो झोपला की त्याच बाहेरच्या पोरांना दमात घ्यायच्या. दमून आलेल्या नितीनला उठवायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा होता.

त्या दिवशी मी कर्जतहून, शाळेतून आले. सरोद चालू होतं. तो उताणा, शांत पडलेला.
मी आवाज कमी केला. चादर घातली. चहाचं आधण ठेवलं, मग म्हटलं उठला की टाकू, आणि गॅस बंद केला. वह्या तपासत बसले.

अंधार पडायला लागला तेव्हा लाइट लावून हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरी पोचायच्या आधीच गेले होते, तुम्ही काही करू शकला नसता.
या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

सरोद मात्र परत लावलं नाही. स्पीकर माळ्यावर टाकला. शाळेतून दमून यायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं.
आईही, म्हणजे सासूबाई, बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, मनातून मला दोष देतायत. सून घरात होती आणि तिने माझ्या पोराला साधी हाक मारली नाही. एका घरात राहून आम्ही दोघी जेवणापुरत्या बोलत होतो.

परवा वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. शेजारची एक बाई बोलता बोलता तेच म्हणाली, भाग्याचं मरण. मी उठून आत गेले.
आई मागोमाग आल्या.

पुढचं इथे लिहू का, हे मी त्यांना विचारलंय. म्हणाल्या, लिव, मला परत परत सांगवत नाय.

"सुजाता, तू यायच्या आदी मी आत आले व्हते. वालाची टोपली ठेवायला. त्याचा हात खाली लोंबत व्हता. मी उचलून छातीव ठेवला."
मग म्हणाल्या,
"गरम व्हता गं हात. म्हनलं, झोपू दे, दमलाय."

वर्षभर या बाईने हे एकटीने पोटात ठेवलं. मला वाटत होतं त्या माझ्यावर रागावल्यात. त्या माझ्याकडे बघायला घाबरत होत्या.
मला निदान डॉक्टरांचं वाक्य होतं. त्यांच्याकडे तेही नव्हतं.

मी त्यांना जवळ घेतलं. "आई, तेव्हा तो झोपलाच होता. तुम्ही हात नीट ठेवलात, म्हणून नीट झोपला."

नेमका किती वाजता गेला, हे डॉक्टरांना मी विचारायला जाणार नाही. कुणी विचारलं तर हेच सांगणार, आणि तुम्हीही आमच्या घरी आलात तर दुसरं काही बोलू नका.

आज पंगत उठली, पाहुणे गेले. आईच म्हणाल्या, लाव गं त्याचं ते.
स्पीकर पुसला. दोघी दिवाणावर बसलो. आलाप झाला. तबला आला आणि माझा हात आपोआप आवाज कमी करायला गेला.
आईंनी मनगट धरलं. असू दे, म्हणाल्या.

मग ते असं काही भरधाव वाजलं की मी ऐकतच राहिले. एवढं सगळं पुढे होतं आणि त्याला माहीतच नव्हतं.

तिथे मी रडले. वर्षात पहिल्यांदा, मोठ्याने. आईही रडल्या. घरात कुणी झोपलेलं नव्हतं.

नितीन, श्रद्धांजली हा शब्द तुझ्या नावापुढे अजून माझ्याच्याने लिहवत नाही.

झोप तू.
आईंची काळजी करू नकोस.
आम्ही दोघी आहोत.