मर्दाचा घास

आमच्या अमरावतीच्या जाहिरात एजन्सीत माणसं तीनच, पण किस्से कपाटात मावणार नाहीत इतके! वैशाली डिझाइन करते, मी मजकूर लिहितो आणि साहेब गिऱ्हाइकाला 'हो' म्हणतात. निम्मे किस्से एकट्या गजूभाऊंचे. त्यांचं बर्गरचं दुकान हे आमचं एकमेव मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की एजन्सीला कुलूप! त्यामुळे भाऊंसमोर आम्ही तोंड उघडतो ते चहा प्यायलाच.

*

डबल बर्गरची जाहिरात करायची होती. घोषवाक्य भाऊ घरूनच घेऊन आले : 'मर्दाचा घास!'

वैशालीनं विचारलं, "मंग बायाइनं काय खावं, भाऊ?"

"त्याहिच्यासाठी मिनी हाय ना, गुलाबी डब्यात!"

साहेब म्हणाले, "वा!" मी निमूट लिहून घेतलं.

*

शूटिंगला अकोल्याहून जिमवाला मॉडेल आला. दंड असे की शर्टाची दया यावी. बर्गर हातात दिला तर म्हणतो, "फोटो काढा. मी मैदा खात नाही." आणि पिशवीतून उकडलेली अंडी काढली!

बर्गर तर खाल्लेला दिसायला हवा. शेवटी वैशालीनंच घास घेतला, अर्धा बर्गर गायब! लहानपणी सायकलवरून पडून तिचा समोरचा दात तुटलाय. त्यामुळे घासाच्या मधोमध पावाचा छोटासा कोंब उरला. फोटो झकास आला. भाऊंना हे सांगायचं नाही, असं साहेबांनी बजावलं.

*

बोर्ड दुकानावर लागला, आणि समोरच शाळा. दुसऱ्याच दिवशी तिथल्या बाई दुकानात आल्या. "पोट्टे डबे तसेच घरी नेऊन राहिले. हे रोज खाण्यासारखं हाय काय?"

"एकदम पौष्टिक, मॅडम!" भाऊ म्हणाले. त्यांच्यापुढे भाकर आणि मेथीची भाजी होती.

"मंग तुमी काहून नाही खात?"

"मले शुगर हाय ना!"

दुपारी भाऊंचा फोन आला. बोर्डावरचं कोबीचं पान मोठं करा म्हणाले.

*

मग कॉलेजच्या मुली आल्या. "खाण्यात कसला मर्द आन् कसली बाई? बोर्ड काढा!" भाऊंनी आम्हा तिघांना बोलावलं आणि साहेबांच्या कानात सांगितलं, "बोर्ड उतरला तं एजन्सी बी बदलतो."

मुलींचं खरं होतं. मला लाज वाटली, पण मी चहाचा कप तोंडाला लावला.

भाऊ बोर्डाकडे बोट करून म्हणाले, "अवो पोरीहो, तो घास पाहा. एवढा घास बाईले जमते काय?"

साहेबांनी वैशालीकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. ती काउंटरपाशी गेली, एक डबल बर्गर उचलला, एकच घास घेतला आणि उरलेला भाऊंपुढे ठेवला. मधोमध पावाचा कोंब होता.

भाऊ कधी बोर्डाकडे, कधी बर्गरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरी, जरा दात दाखव बरं."

वैशाली तोंडभर हसली.

"मंग त्या अकोल्याच्या मर्दानं काय खाल्लं?"

"उकडलेली अंडी, भाऊ."

भाऊंनी शिडी मागवली.