वेल्डर ताइस्तो रंतालाची परीक्षा

ताइस्तो रंतालाचा कागद बाद झाला तेव्हा त्याला त्याचा पत्ताही नव्हता. एकतीस वर्षं त्याने फिनलंडमधल्या राउम्याच्या बॉयलर कारखान्यात पाइप जोडले होते. वेल्डरच्या प्रमाणपत्रावर दर सहा महिन्यांनी कारखान्याने सही करायची असते, हा माणूस अजून कामावर आहे म्हणून. सही चुकली की कागद मेला. ती सही फोरमन करायचा, आणि ताइस्तोने तो कागद कधी उलटूनही पाहिला नव्हता. मार्चमध्ये कारखान्याला कुलूप लागलं, फोरमन मुलीकडे ओउलूला निघून गेला, आणि सहीचा रकाना कोरा राहिला. चूक कुणाची म्हणाल तर ताइस्तोचीच. पण आमच्याकडच्या कारागिरांची ही जुनी खोड आहे. कामात डोळ्यांत तेल घालतील, कागदाकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

ऑक्टोबरात गोदीत नव्या जहाजासाठी सहा पाइप वेल्डर हवे होते. भरतीच्या टेबलावर काउको होता, ताइस्तोच्या ओळखीचा.

"कागद मेलाय, ताइस्तो."

"हात जिवंत आहेत."

"हातांची झेरॉक्स निघत नाही रे. परीक्षा दे, नवीन आण. चोवीस तारखेला दुपारी यादी बंद होते. मग मी काही करू शकणार नाही."

नाही आणला तर काय, हेही ठरलेलं होतं. रोजगार कचेरीतल्या बाईंनी त्याचं नाव गोदामाच्या प्रशिक्षणात घातलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला शिकायचं. त्या कल्पनेने ताइस्तोला झोप येत नसे. कामाची त्याला लाज नव्हती. पण पुन्हा कधी कुणी आपल्या हातात वेल्डिंगची टॉर्च देणार नाही, याची त्याला खरोखर भीती वाटत होती.

परीक्षा घ्यायला इन्स्पेक्टर लागतो. हेलसिंकीला फोन केला, टाम्पेरेला केला. सगळे अदबीने बोलले आणि सगळ्यांनी डिसेंबर सांगितला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको सिर्का शाळेच्या स्वयंपाकघरातून बातमी घेऊन आली.

"इथे लाप्पी गावात एक इन्स्पेक्टर राहते. तुइया नावाची."

"तुइया? आमच्या कारखान्यात दोन उन्हाळे शिकायला होती ती?"

"तीच. तिच्या पहिल्या सांध्याला तू शेणाचा पो म्हणाला होतास ना?"

"म्हणालो असेन. तसाच होता."

"मग कर फोन."

"ओळखीचं माणूस परीक्षेला नको."

"अनोळखी डिसेंबरात मिळेल. थांब तोवर."

त्याने फोन केला. तुइया म्हणाली, "येईन. एकवीस तारखेला, मंगळवारी. पण ताइस्तो, ओळख मी दाराबाहेर ठेवणार."

"मीही तेच सांगणार होतो," तो म्हणाला.

सरावासाठी तंत्रशाळेने दुपारी तीननंतर वेल्डिंगचा एक बूथ दिला. परीक्षेचा पाइप पंचेचाळीस अंशांत तिरपा आवळलेला असतो. तो हलत नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं असतं. खाली गुडघ्यावर, वर मान वाकडी करून. सात महिन्यांत हात आखडले होते. पहिल्या दिवशी आतला थर जळून पाइपला भोक पडलं. ताइस्तोने मुखवटा वर केला आणि त्या भोकाकडे नुसता बघत बसला. बाहेर सहा वाजताच अंधारून येत होतं, पाऊस तिरपा मारत होता. घरी सिर्काने राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावून त्याच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मुखवट्यात चष्म्याची काच बसवून घेतली. मग हळूहळू हात परत आला. दुसऱ्या आठवड्यात तंत्रशाळेचे मास्तर रोज येऊन त्याचे तुकडे उलटसुलट करून बघायचे आणि न बोलता मान हलवायचे. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नसते.

मंगळवारी तुइया आली. चाळिशी उलटलेली, केसांत पांढरी बट. हात मिळवला आणि लगेच कामाला लागली. पाइपवर नंबर ठोकला. कुठे थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं ती जागा खडूने दाखवली.

"वरच्या थराला ब्रश चालेल. ग्राइंडर नाही, कानस नाही. जसा उतरला तसाच मला दाखवायचा."

"माहीत आहे."

आणि खरंच माहीत होतं त्याला. आतला थर त्याने असा उतरवला की बॅटरी लावून बघताना तुइयाच्या तोंडून "वा" निसटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. मधले थर झाले. शेवटचा थर झाला. ती पाठमोरी, टेबलाशी फॉर्म भरत होती. ताइस्तोने ब्रश मारला. जिथे थांबून पुन्हा सुरू केलं होतं तिथे एक बारीकसा उंचवटा होता, नखाला लागेल न लागेल एवढा. नियमात अगदी बसणारा. त्याचा हात बाजूच्या कानशीकडे गेला आणि ती चार वेळा फिरवून परत आला.

तेव्हा त्याला कळलं.

एकतीस वर्षांत एकही सांधा त्याने तसाच सोडला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे, या दोन आठवड्यांतही प्रत्येक तुकडा मास्तरांना दाखवण्याआधी त्याने कानशीने साफ केला होता. परीक्षेबरोबर ही चूकही त्याने इमानेइतबारे घोटून घेतली होती.

तुइया वळली. भिंग घेऊन पाइपभोवती फिरली आणि त्या जागेपाशी थांबली. बोटभर लांब, चकचकीत पट्टा. ती बराच वेळ वाकून राहिली.

"इथे ब्रश जरा जोरात लागलाय," ती म्हणाली. "ब्रशच ना?"

ताइस्तोने तिच्याकडे पाहिलं. ती वर बघत नव्हती. हो म्हटलं की संपलं, हे त्याला कळत होतं. सही तिची, जबाबदारी तिची. उद्या कुणी विचारलं तर खोटं तिलाच बोलावं लागलं असतं.

"कानस," तो म्हणाला.

"मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलंय तुला, पोरी. कानस फिरवली मी. लिही."

तिने लिहिलं. लिहिताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पुन्हा परीक्षा देता येते, ती म्हणाली, पण उद्यापासून ती दोन आठवडे वासा शहरात कामावर होती. ताइस्तो "बरं" म्हणाला, हातमोजे काढले, बूथ झाडून घेतला आणि तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला.

चोवीस तारखेला यादी बंद झाली. नोव्हेंबरात ताइस्तो गोदामात जाऊ लागला. काम अवघड नव्हतं, लोक बरे होते. तो घरी यायचा, जेवायचा, खिडकीशी बसायचा. सिर्काने त्याला एकदा चिडून विचारलं, "दोन मिनिटं हात गप्प ठेवता आले नाहीत तुला?" तो नाही म्हणाला. मग तिलाच वाईट वाटलं.

डिसेंबरात तुइयाचं पाकीट आलं. आत त्याच पाइपची क्ष-किरणाची फिल्म होती. नापास तुकड्याची फिल्म कुणी काढत नाही. तिने आपल्या जिवाला राहवेना म्हणून काढली असावी. चिठ्ठी नव्हती. ताइस्तोने फिल्म दिव्यासमोर धरली आणि चष्मा कपाळावर चढवून इंच इंच बघत राहिला. कॉफी गार झाली.

"काय शोधतोयस?" सिर्काने विचारलं.

"एखादा दोष."

"सापडला?"

"एकही नाही." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "एक जरी असता ना, तर बरं झालं असतं."

सिर्काने त्याच्या हातातून फिल्म काढून घेतली, टेबलावर उपडी ठेवली आणि त्याच्याशेजारी बसून राहिली.