कोरडी सुकडी आणि हसरं तोंड

हल्ली ब्लॉगवर जो तो बर्फात उभा असतो. माझ्याकडे बर्फातला एकही फोटो नाही, तेव्हा मी तुम्हाला त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात घेऊन जाते. गर्दी तिथेही भरपूर होती, फक्त हौसेने आलेलं कुणी नव्हतं. दुष्काळ होता. गावंच्या गावं सरकारी कामावर खडी फोडत होती आणि त्यांच्या पोरांना एका संस्थेकडून दुपारी सुकडी मिळत होती. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ आणि गूळ यांचा कोरडा भुगा. संस्थेला आता प्रश्न पडला होता की पोरांचा वाटा आहे तेवढाच ठेवायचा की निम्मा करायचा. उत्तर आमच्या अहवालावर ठरणार होतं.

आमच्या म्हणजे सरांच्या. सर नुकतेच परदेशातून मूल्यमापनाचं शास्त्र शिकून आले होते आणि मी पुण्यात समाजकार्य शिकत होते. जायचं त्यांनी ठरवलं, बॅगा मी उचलल्या.

जाणाऱ्यांसाठी माहिती: शिवाजीनगरहून नगरची एसटी पकडा, सुप्याला उतरा, तिथून पारनेरची गाडी मिळाली तर मिळाली. तिकीट पाच रुपयांच्या आत, धूळ फुकट. मुक्काम शाळेच्या खोलीत. अंघोळीला तांब्याभर पाणी. दुसरा तांब्या लागणाऱ्यांनी महाबळेश्वर पाहावं. चहा गुळाचा आणि बिनदुधाचा, पण गरम असतो आणि कुणीही आग्रहाने पाजतं.

सरांच्या बॅगेत एक पुठ्ठा होता. त्यावर ओळीने पाच तोंडं काढलेली: पहिलं ढसाढसा रडणारं, शेवटचं खदखदा हसणारं. बायांना लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा त्यांनी नुसतं बोट ठेवायचं आणि आपण आकडा टिपायचा. "जगात कुठेही चालतं," सर म्हणाले. जगात पारनेर धरलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो. खडीच्या ढिगाजवळ हौसाबाई भेटल्या. तिशीच्या असतील. डोक्यावर पदर, हातात हातोडी, शेजारी फडक्याच्या सावलीत दीड-दोन वर्षांची लेक. दुपारी सुकडी वाटून झाल्यावर सरांनी त्यांच्यापुढे पुठ्ठा धरला.

"सुकडी कशी वाटते? बोट ठेवा."

हौसाबाईंनी क्षणाचाही विचार न करता शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं. पुढचीने तिथेच ठेवलं. तिच्या पुढचीनेही. संध्याकाळपर्यंत त्या हसऱ्या तोंडावर बोटांचा मळ साचला आणि बाकीची चार कोरी करकरीत राहिली.

"संपूर्ण समाधान!" सर खूश झाले. "म्हणजे निम्म्यावरही भागेल."

मी मात्र दुपारभर हौसाबाईंच्या लेकीकडे पाहत होते. तो भुगा तिच्या टाळूला चिकटायचा, ठसका लागायचा आणि ती सगळा थुंकून टाकायची. मी हौसाबाईंना विचारलं, "पोर तर थुंकतेय. मग हसऱ्या तोंडावर बोट का ठेवलंत?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अवो ताई, अन्नापुढं रडकं तोंड दावत्यात व्हय? पानात पडलं त्याला आमी नावं न्हाई ठिवत. आन तुमी एवढ्या लांबनं आला, तुमच्या तोंडावर कसं म्हनायचं?"

मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तू त्यांच्या तोंडी उत्तरं घालतेस." मला भयंकर राग आला. पण परदेशी जाऊन आलेल्या माणसावर रागावायची पद्धत तेव्हा आमच्या महाविद्यालयात नव्हती.

तिसऱ्या दिवशी सर मुकादमाकडे हजेरी बघत बसले आणि मी पुठ्ठा पिशवीत टाकून बायांमध्ये जाऊन बसले. गप्पांच्या ओघात मी सहज थाप मारली, "हौसाबाई, तुमच्या माहेरच्या कामावरही आता सुकडी सुरू होणार म्हणे."

हातोडी थांबली. "आगं बाई! तितं माझ्या भावाचं बारकं हाय. त्यास्नी सांगा, कोरडी नका दिऊ. पान्यात शिजवून पातळ करा. पेजंवानी दिली तर लेकरू पितंय."

"आन पान्याची घागर ठिवा म्हनावं," दुसरी म्हणाली. "हितं ठसका लागला तर टँकरची वाट बघावी लागती."

"आन कमी नका करू," तिसरी म्हणाली. "पोट भरत न्हाई म्हनून आमचं थोरलं धाकटीचं वढून घेतंय."

स्वतःच्या पानाला नावं ठेवायची नव्हती, पण भाच्याची काळजी करायला कुणाची बंदी होती? मी धावत जाऊन हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ग्राह्य नाही. हा प्रश्न आपल्या यादीत नव्हता."

निघायच्या दिवशी हौसाबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. लाल मिलोची भाकरी आणि ठेचा. परदेशी दानात आलेली ती ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वर्णन नको, ज्यांनी नाही खाल्ली त्यांना पटणार नाही. सरांचा पहिला घास बराच वेळ या गालातून त्या गालात फिरत होता.

"सायेब, ग्वाड लागलं का?" हौसाबाईंनी दारातून विचारलं. चेहऱ्यावर काळजी होती. आपलं पान साहेबाला रुचतंय का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"वा! फारच छान!" सर डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणाले.

हौसाबाई समाधानाने आत पाणी आणायला गेल्या. मी पिशवीतून पुठ्ठा काढून सरांच्या ताटाशेजारी ठेवला आणि हळूच म्हटलं, "शेवटचं तोंड ना, सर? मग निम्म्या भाकरीवर भागेल?"

सरांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घास गिळला. सबंध भाकरी संपवली. एसटीत बसल्यावर त्यांनी पेन काढून निम्म्या वाट्याची ओळ खोडली आणि शिजवलेली सुकडी व पाण्याची घागर ही वाक्यं जोडली. संस्थेने सगळं मानलं. पुढे एका परिसंवादात सरांनी 'सांस्कृतिक संवेदनशीलता' या आपल्या नव्या पद्धतीवर तासभर भाषण केलं. भाषणात भाकरी नव्हती, हौसाबाई नव्हत्या. मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. पोरांना पेज मिळत होती, मला तेवढं पुरे होतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी दिवेलागणीला घरी पोचले. पाय धुतले, पानावर बसले.

"तिकडे जेवणाचे हाल झाले का गं?" आईने विचारलं.

"छे! भरपूर होतं," मी म्हणाले.

आईने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पानात आणखी एक पोळी वाढली.