खारट कपाळ

नात जन्मली तेव्हा बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या गोदूबाईने तिला प्रसूतिगृहातच मागून घेतले, पदराखाली धरले आणि कपाळाचा मुका घेतला. ओठांना मीठ लागले. मायबापहो, त्या एका चवीने कित्येक वर्षांची राख उडाली आणि खालचा निखारा उघडा पडला. तिची थोरली लेक जनी अशीच होती. कपाळ खारट, हात खारट. झोपेत घामेजली की मानेवर पांढरी रेघ उमटायची. गोदूबाईचे सासरे मिठागरात राबलेले, ते कौतुकाने म्हणत, आगऱ्याची पोर ती, अंगातच मीठ पिकवते. ती पोर खोकत खोकत लहानपणीच गेली.

"जनी आयली," गोदूबाई म्हणाली. "माजी जनी परत आयली."

देवाने नेलेले देवानेच आणून दिले, असे तिने मानले, आणि घराने तिला मानू दिले. पोरीचे नाव चिमी ठेवले.

चिमी खूप खाई, पण अंगी लागेना. खोकला सुटेना. सून प्राची म्हणाली, "आई, हिला मोठ्या दवाखान्यात दाखवूया."

"जनीला नेली होती ना? तिथनं मेलेलीच आणली. तुजा दूध पानचट, त्याला डाक्टर काय करल?"

पुढे चिमीचे दूध सुटले, तेव्हा प्राचीचा स्वयंपाक पानचट ठरला. गोदूबाईचा मुलगा कल्पेश आईचे ऐके, बायकोचेही ऐके, आणि मोबाइलमध्ये डोके घाले.

प्राची अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. माणसाच्या शरीरातले एक प्रथिन तिथे काचपात्रांत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेत, इवल्या कुप्यांत भरून गोठवत आणि दूरदूरच्या संशोधकांना पाठवत. कुप्यांना चिठ्ठ्या लावणे हे प्राचीचे काम: केवळ संशोधनासाठी, माणसांना देण्यासाठी नाही. एकदा तिथल्या कीर्ती मॅडम पाहुण्यांना समजावत होत्या, "हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतला क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा दरवाजा. हा बिघडला की छातीत चिकट कफ साठतो, अन्न पचत नाही आणि घामात मीठ उरतं. अशा बाळाचा मुका घेतला तरी कळतं."

प्राचीच्या बोटावरची चिठ्ठी बोटालाच चिकटून राहिली.

सासूला न सांगता तिने मुंबईत चिमीच्या घामाची तपासणी करवली. घामात मीठ भरमसाट निघाले. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावले. "हा दोष आई आणि बाप, दोघांकडून उतरतो. तुमच्याकडे याआधी असं कुठलं मूल गेलं होतं का?"

गोदूबाईने मान खाली घातली. जनी खरोखरच परत आली होती. आपले दुखणे घेऊन आली होती. आणि आईने ते पहिल्याच मुक्यात ओळखले, ओवाळले आणि पदराखाली झाकून ठेवले.

वाटेत प्राचीने तिला तो दरवाजा समजावला. घरी आल्यावर ती सुनेला म्हणाली, "तुमच्या कारखान्यात त्योच दरवाजा बनवतात ना? मंग एक बाटली आण."

"आई, तो असा शरीरात बसत नाही. पोटात गेला तर पचून जाईल, टोचला तर जिवावर बेतेल. त्यावर नवी औषधं आजमावतात, एवढंच."

"मी तुना पानचट बोलले, त्याचा सूड पोरीवर काढतेस."

दुसऱ्या दिवशी गोदूबाई चिमीला मांडीवर घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "माज्या सुनेच्या हाती औषध हाय, आन् ती देत नाय." कीर्ती मॅडम खाली आल्या, तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. म्हातारीने त्यांचे पाय धरले. "एक थेंब, मॅडम."

"आजी, ते औषध असतं, तर तुम्हाला इथवर यावं लागलं नसतं."

गोदूबाईला ते पटले. पण पटेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर चित्रण केले होते. संध्याकाळी बदलापूरभर फिरले: पोर मरते आहे आणि कंपनी औषध दडवते आहे. प्राचीची नोकरी गेली.

तिला काम मिळाले ते उल्हासनगरात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात. सकाळी निघायचे, दिवेलागणीनंतर परतायचे. डॉक्टरांनी सांगितलेले एक काम तोवर ती स्वतः करी. चिमीला उशांवर पालथी, डोके खाली असे निजवायचे, हाताची ओंजळ करायची आणि कफ सुटेपर्यंत पाठीवर थापा मारायच्या. आता दिवसा घरी एकटी गोदूबाई. प्राचीने तिचा हात धरून शिकवले.

"जोरात, आई."

"लागंल तिला."

"लागू दे. तुमच्या मायेनेच ती इथवर आली आहे."

गोदूबाईने हाताची ओंजळ केली. ती मारायला शिकली.

आता रोज चिमी हुंदके देत म्हणते, "आजी, नको." गोदूबाई थांबत नाही. हात अडखळू नये म्हणून ती प्रत्येक थापेला देवाचे नाव घेते. नामाला लय असते, लयीत हात पडतो. कफ सुटला की वाटी पुढे धरते, आत निरखते आणि पोरीला कुशीवर वळवते. चिमीच्या छातीत त्या दिवसापुरता वारा खेळतो.

पण देवाचे नाव ऐकले की चिमी रडते. आळीत कुठे भजन सुरू झाले तरी पलंगाखाली शिरते. मग गोदूबाई गुडघ्यांवर बसते, अंधारात हात घालून तिचा पाय चाचपते आणि तिला बाहेर ओढते.