एकाच फेरीत

मलमाचा तो झोंबणारा वास आला की मला दोहाचा विमानतळ आठवतो. तेव्हा मी तिथल्या एका बास्केटबॉल क्लबची गाडी चालवायचो. संघात एक अमेरिकन पॉइंट गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे आणून इतरांना पास देणारा. कितीतरी देशांत, कितीतरी संघांतून खेळून झालेला. गाडीत बसला की पँट वर करून गुडघ्याला मलम चोळायचा आणि मी एसी चालू असतानाही काच खाली करायचो. सीझन अर्ध्यावर असताना मॅनेजरसाहेब म्हणाले, "याला विमानतळावर सोड आणि येताना नवीन माणूस घेऊन ये. एकाच फेरीत खलास." परदेशी खेळाडू तिथे असेच बदलायचे. आपलं विमान गाठायचं सोडून हा माझ्याबरोबर बाहेर येणाऱ्यांच्या दाराशी थांबला. नवीन गडी आला तसा त्याचा हात धरून म्हणाला, "आपला तो बास्केटखाली खेळणारा उंच सेंटर आहे ना, त्याला पास उजव्या हाताला दे. डावा खांदा दुखतो त्याचा, पण तो कुणाला सांगत नाही." मग मला "यल्ला, भाई", म्हणजे चल भाई, म्हणाला आणि बॅग ओढत, जरासा लंगडत निघून गेला. त्याला सगळ्या संघाची दुखणी ठाऊक होती. त्याचा गुडघा कधीपासून दुखतोय, हे मी रोज शेजारी बसूनही विचारलं नव्हतं. आता माझाच गुडघा धरतो. काल मलम चोळून मुलाच्या गाडीत बसलो, तर त्यानं काच खाली केली.