घडीताईची सुटका

हॉस्पिटलच्या लाँड्रीत घडीताई आणि मी अकरा वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरून उभ्या होतो. समोरासमोर राहायचं, चादर ताणायची, एकदा झटकायची, टोकाला टोक जुळवत पुढे यायचं, आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि वाकून खालची कड उचलायची. दिवसाला चारशे चादरी, अभ्रे वेगळे. तिच्या हातची घडी अशी बसायची की पन्नास चादरींचा गठ्ठा भिंतीसारखा सरळ उभा राही. म्हणून ती घडीताई. मला सगळे रेडिओ म्हणत, कारण मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून मी दिवसभर बोलत असे. जगात कुणाचं काय चुकतं यावर माझं मत तयार असायचं. ती ऐकून घ्यायची.

हे लिहायला बसले ती तिचं कौतुक करायला नाही. तो हक्क मी घालवला. पण तिच्याबद्दल लाँड्रीत हल्ली जे बोललं जातं ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि खोडून काढायला तोंड उघडावं तर पहिला प्रश्न मलाच येईल. म्हणून लिहिते.

नवरा गेला तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. नवऱ्याबद्दल ती वाईट बोलत नसे, चांगलंही बोलत नसे. सासूला सांभाळलं, मुलीला शिकवलं, दर अकरा महिन्यांनी कंत्राटाच्या कागदावर सही केली. कुणाशी भांडली नाही. सुपरवायझर अंगावर ओरडला तरी ‘बरं’ म्हणायची, आणि असं म्हणायची की ओरडणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. अर्थात आमच्या सुपरवायझरला ओशाळं वाटायची सोय नव्हती.

मग वॉर्डातल्या एका आयाला पेशंटच्या नातेवाइकाने जिन्याखाली पाडून गळा धरला. आया वाचली, नोकरी सोडून गेली. ऑफिसला काहीतरी केल्यासारखं दाखवायचं होतं, म्हणून शनिवारी दुपारी फिजिओथेरपीच्या खोलीत बायकांसाठी क्लास सुरू केला. निळ्या जाड गाद्या अंथरल्या, भिंतीवर कागद चिकटवला, फोटो काढला. शिकवायला आला तो पन्नाशीचा, लहानखुरा, काडीपैलवान माणूस. दोन्ही कान मात्र फुगून मिटलेले. आयुष्यभर कुणाच्या तरी बगलेत डोकं अडकलं की कान असे होतात, हे नंतर कळलं.

“हा आपल्याला वाचवणार?” मी घडीताईला म्हटलं, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“मी नाही वाचवणार,” तो म्हणाला. “मी शनिवारी दोन ते साडेतीनच असतो.”

तेव्हापासून आम्ही त्यांना मास्तर म्हणायला लागलो. त्यांनी ठोसा शिकवला नाही, लाथ शिकवली नाही. म्हणाले, उभ्याने मारामारी सिनेमात होते, तुम्ही आधी पडणार. पडल्यावर काय करायचं तेवढं शिकू. पहिल्या दिवशी तर नुसतं खाली झोपायचं आणि श्वास घ्यायचा. घडीताई खाली, मी तिच्या पोटावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेली. माझं वजन बहात्तर किलो, तिचं पन्नासही नसेल. कोपरं बरगड्यांना चिकटवा, हात हनुवटीशी ठेवा, ढकलू नका; हात लांब केला की तो हात गेलाच म्हणून समजा. अशी तीन मिनिटं. ती छताकडे बघत राहिली. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली. मला वाटलं माझ्या वजनाने, म्हणून मी काहीतरी विनोद केला.

“कुणी वर असताना श्वास घेता येतो हे मला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली.

त्यावर मी काही विचारलं नाही. एवढी बोलणारी मी, पण विचारायच्या ठिकाणी माझं तोंड नेहमीच बंद असायचं, हे आता लक्षात येतं.

बारा जणी सुरुवातीला होत्या, सहा महिन्यांनी पाच उरल्या. घडीताई एकही शनिवार चुकली नाही. पूल नावाचा डाव तिला सगळ्यात चांगला जमायचा. वरच्याचा एक हात छातीशी घट्ट धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा, मग कंबर एकदम उचलायची आणि त्याच खांद्यावरून वळायचं. टेकायला त्या बाजूला ना हात उरतो ना पाय, मग वरचा कितीही जड असो, पडतोच. मी बहात्तर किलोची बाई दर शनिवारी दहा वेळा उताणी पडत होते. मग ती एक हात जमिनीवर टेकून, एक पाय मध्ये ठेवून, पाठ न दाखवता उठायची. चादर घडी करावी तसं सगळं ओळीने, नेटकं.

तिसऱ्या शनिवारी मास्तरांनी टॅप शिकवला होता. भार सोसवेना, श्वास कोंडला, कुठे दुखलं, तर समोरच्याच्या अंगावर दोनदा चापट मारायची. बोलायचं नाही, कारण गळा आवळलेला असला तर बोलता येत नाही. दोन चापट्या पडल्या की वरच्याने त्याच क्षणी सोडायचं. का, कशाला, अजून थोडं थांब, काही नाही.

“हा आपल्यातला कायदा,” ते म्हणाले. “मोडेल त्याला या गादीवर जागा नाही.”

सहा महिन्यांत तिने मला शेकडो वेळा टॅप केलं असेल, मी तिला त्याहून जास्त. दर वेळी दुसरीने सोडलं. बाहेर हा कायदा चालत नाही, हे मास्तरांनी एकदा सांगितलंही होतं. पण ऐकलं होतं एकदा, आणि हाताने केलं होतं शेकडो वेळा. दोन चापट्या मारल्या की माणूस सोडतो, हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक झालं. तिथेच घात झाला.

एका गुरुवारी, जेवणं झाल्यावर सुपरवायझरने तिला कॉरिडॉरच्या टोकाच्या स्टोअरमध्ये नवी ब्लँकेटं लावायला बोलावलं. आमची चादर अर्धी घडी झाली होती. “आले,” म्हणून ती गेली. मी टेबलावर चादर ठेवून अभ्र्यांना लागले. ती परत आली तेव्हा डोक्यावरची टोपी सरळ होती, चेहरा पांढराफटक. तिने चादरीचं आपलं टोक उचललं. ती घडी वाकडी बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“काय झालं गं ताई?”

“खाली पाडलं त्याने.”

“मग?”

“पूल,” ती म्हणाली.

मी हसले. खरंच, आनंदाने हसले. मग तिने बाकीचं सांगितलं. त्याने तिला गठ्ठ्यांवर ढकललं आणि वर आला तेव्हा तिला काहीच सुचलं नाही, आवाजही फुटला नाही. हात तेवढा आपोआप उठला आणि त्याच्या पाठीवर दोनदा पडला. आणि तो उठला नाही. “थोपटतेस काय गं?” म्हणाला आणि हसला. तो हसला तेव्हा तिला कळलं की हा शनिवार नाही. मग हात धरला, पाय अडकवला, कंबर उचलली. तो लोखंडी रॅकवर जाऊन आदळला. भुवई फुटली, चार टाके पडले. ती शिकवल्यासारखी उठली आणि बाहेर आली.

“पळाली का नाहीस?”

“पळायला पायात बळ नव्हतं.”

तक्रारीचा अर्ज मीच लिहून दिला. माझं अक्षर बरं आहे. चार पानं लिहिली, भाषाही चांगली जोरदार वापरली. सही तिची होती, तेव्हा जोर करायला माझं काय जात होतं?

चौकशी समिती बसली. कॉरिडॉरमधला कॅमेरा स्टोअरच्या दाराच्या समोरच होता, आणि दार आधी अर्धं उघडं होतं. त्यात काय दिसलं? गठ्ठे, सुपरवायझरची पाठ, आणि खालून वर आलेला एक हात. तो हात पाठीवर पडतो, एकदा, पुन्हा एकदा. मग दार आपलं आपण लागतं. दीड मिनिटाने ती बाहेर येते. चालत, टोपी नीट करत. मागून तो, कपाळ धरून.

तिला काय विचारलं ते तिने त्याच दिवशी चादरी घडी करताना मला सांगितलं. तोंडाने नको का म्हणाला नाहीत? अंगावर खूण कशी नाही? तुम्ही तर शिकलेल्या होतात, मग सुरुवातीलाच का नाही सुटलात? सुटून आलेल्या बाईच्या अंगावर कसली खूण असणार, हे त्या खोलीतल्या एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. खूण त्याच्या भुवईवर होती, म्हणून मार खाल्लेला तो ठरत होता.

“टॅप म्हणजे काय ते त्यांना पटत नाही,” ती म्हणाली. “मास्तरांनी पत्र दिलंय, पण ते बाहेरचे. उद्या तुला बोलावतील. तू माझी जोडीदार. तू सांगितलंस की झालं.”

“सांगते की,” मी म्हटलं. “बघच तू.”

त्याच दुपारी सुपरवायझर इस्त्रीच्या मशीनपाशी आला. भुवईवर पट्टी. “रेडिओ, तुला कायम करायचं पत्र वर सहीला गेलंय,” म्हणाला. “नऊ वर्षं अडकलं होतं ना? बघू आता.” बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. आवाज गोड.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना मी वाक्य घोकत होते. दोन चापट्या म्हणजे सोड, दुसरा अर्थ नाही. शाळेतल्या पोरीलाही पाठ होईल असं वाक्य. आत पाच खुर्च्या, लॅपटॉप, पाण्याचा जग. अध्यक्ष मॅडमनी तो तुकडा मला दोनदा दाखवला. हात वर येतो, पडतो, पडतो.

“तुम्ही त्यांच्या सरावातल्या जोडीदार. याचा अर्थ काय होतो?”

“क्लासमध्ये आम्ही असं करायचो.”

“म्हणजे, सोडा, या अर्थाने?”

“तसंही,” मी म्हटलं. “म्हणजे खेळीमेळीतही. शाबासकी म्हणूनसुद्धा.”

“म्हणजे एकच अर्थ होतो असं नाही?”

“नक्की असं नाही सांगता येणार.”

त्यांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली. बाकीच्या तिघींना बोलावलंच नाही, गरजच उरली नव्हती.

निकाल दोन पानांचा आला. आरोप सिद्ध होत नाही. प्रशिक्षणाचा गैरवापर करून वरिष्ठास दुखापत केली, सबब कंत्राट पुढे वाढवू नये. क्लास बंद. गाद्या पुन्हा फिजिओथेरपीच्या कपाटात गेल्या. लॉकरची किल्ली द्यायला ती आली तेव्हा तिच्या हातात माझ्या जबाबाची प्रत होती. तिने ती टेबलावर ठेवली, माझ्या सहीवर बोट ठेवलं.

“सही छान करतेस,” म्हणाली.

मग टेबलावर माझी अर्धवट पडलेली चादर होती ती उचलून एकटीनेच घडी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि गेली. मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वीस दिवसांत माझं पत्र आलं. मी कायम झाले. घरच्यांनी कौतुक केलं, लाँड्रीतल्या बायका मात्र माझ्याजवळ डबा उघडेनात. त्याच बायका तिच्याबद्दल काय बोलतात ते वेगळंच. आधी थोपटलं, मग बिनसलं. शहाण्या. चादरीच्या दुसऱ्या टोकाला आता नवी मुलगी आहे. घडी वाकडी बसते आणि मला बोलायला काही सुचत नाही.

गेल्या सोमवारी सुपरवायझर आला. भुवईवर पांढरा व्रण आहे आता. “रेडिओ,” म्हणाला, “दुपारी जरा ब्लँकेटं लावायला ये.”

पोटात दुखतंय म्हणून मी घरी गेले. मंगळवारी डोकं दुखलं. बुधवारी आणखी काहीतरी. माणसाला दुखायला अवयव तरी किती असतात? आता मी कायम आहे, तोही कायम आहे, आणि स्टोअरही तिथेच राहणार आहे.

घडीताई इस्त्रीच्या दुकानात काम करते आणि रविवारी सकाळी तिच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत बायकांना शिकवते, हे कुणीतरी सांगितलं होतं. मी गेले. जुन्या गाद्या दोरीने एकमेकींना बांधून अंथरल्या होत्या. सात-आठ बायका, तिची मुलगीही. दारात मला बघून ती थांबली.

“मला शिकव,” मी म्हटलं. “विसरले सगळं.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “ब्लँकेटं?”

मी मान डोलावली.

“आडवी हो,” ती म्हणाली.

या वेळी मी खाली होते आणि ती वर. पन्नास किलोची बाई, पण छातीवर शिळा ठेवल्यासारखं झालं. कोपरं आठवली नाहीत, पूल आठवला नाही. बायका भोवती उभ्या. श्वास वर यायला लागला आणि माझा हात आपोआप उठला, तिच्या पाठीवर पडला. एकदा, पुन्हा एकदा.

ती उठली नाही.

“इथे टॅप नाही,” ती म्हणाली. “मी बंद केला. तोंडाने बोलायचं.”

मी पुन्हा चापट मारली. ती तशीच बसून राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला कुठे बघायचं ते कळलं असतं.

“सोड,” मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

“ऐकू येत नाही.”

“सोड!” मी ओरडले. खोली घुमली. कोपऱ्यातली एक बाई दचकली.

घडीताई लगेच उतरली. एक हात टेकून, एक पाय मध्ये ठेवून, पाठ न दाखवता.

“येतं की तुला बोलता,” ती म्हणाली, आणि पुढच्या बाईला गादीवर बोलावलं.