निसळ सरांचे सहा पेले

आमच्या केडगावच्या कॉलनीत मार्तंड निसळ सर राहतात. नोकरीत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर पाणी पाजायला लागले. पहाटे उठून, चूळही न भरता, तांब्याच्या भांड्यातलं सहा पेले पाणी. डोकं दुखो नाहीतर गुडघा, उपाय तोच. पोट बिघडलं तर वर थंड पाण्याच्या टबात बैठक. ऐकलं नाही तर सर भांडं घेऊन दारात हजर. मीही प्यालोय. गुण म्हणाल, तर सकाळभर मोरीच्या खेपा झाल्या. पण माणूस पदरमोड करून भांडी वाटतो, संध्याकाळी चौकशीला येतो. त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

घरात त्यांच्या बायकोची, दमयंतीकाकूंची, तर सुटकाच नव्हती. बारा वर्षं रोज सहा पेले. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजायला लागले. मुलगी अपूर्वा पुण्याहून फोनवर डॉक्टरांकडे जा म्हणून कानीकपाळी ओरडत होती. सर म्हणाले, "शरीर घाण बाहेर टाकतंय." आणि सहाचे आठ पेले केले. दोन महिन्यांनी काकूंना धाप लागली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. रक्तदाबाने मूत्रपिंडं निकामी झाली होती. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि चहा-आमटी धरून दिवसाला पाऊण लिटर पाणी. ते सरच मोजून देतात. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

परवा दुपारी मी तिथे बसलो होतो. काकूंनी पाणी मागितलं.

"आत्ताच घेतलंस गं. आता संध्याकाळी," सर म्हणाले.

"नको नको म्हणायचे तेव्हा पाजलंत. आता मागते तर देत नाही."

मी उठू लागलो. सरांनी हाताने बसवलं.

"पाय सुजले तेव्हाच न्यायला हवं होतं तुला," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"मला का कळत नव्हतं? रिक्षा करून माझी मी गेले असते."

"मग गेली का नाहीस?"

"तुम्ही पहाटे भांडं घेऊन उभे असायचात. इतक्या हौसेनं. मन मोडवेना."

सर माझ्यासमोर रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "अहो, निदान ओठांना ओला कापूस तरी लावा."

सरांनी कापूस भिजवला आणि ओठांना लावण्याआधी घट्ट पिळला.